टाकळीचे शंख आणि दख्खनचा लाव्हा

ज्वालामुखीचे चित्र काढा म्हटले की मुलांच्या वहीत ठरलेला डोंगर उतरतो. शंकूचा आकार, माथ्यावर खड्डा, त्यातून धूर आणि दोन्ही अंगांनी ओघळणारा तांबडा रस. पाठ्यपुस्तकातले चित्रही बहुधा असेच असते. पुढच्या एखाद्या पाठात वाक्य येते की महाराष्ट्राचे पठार लाव्हारसापासून बनले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचून एखाद्या चौकस मुलाने विचारले, ‘मग सर, आपला तो डोंगर कुठे आहे?’ तर काय सांगायचे?

प्रश्न अगदी रास्त आहे. असा डोंगर महाराष्ट्रात दाखवता येत नाही. पुष्कळदा लोणारच्या सरोवराकडे बोट दाखवले जाते, पण लोणारचा खड्डा उल्कापाताने झालेला आहे. ज्या खडकात तो झाला तो खडक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे थंड होऊन पडलेला होता. दख्खनचा लाव्हा डोंगराच्या तोंडातून नव्हे, तर मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. याचे लहानसे प्रात्यक्षिक माणसाने पाहिलेले आहे. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेगांची रांग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. त्याबरोबर बाहेर पडलेल्या विषारी वायूंनी गवत गेले, जनावरे गेली आणि मागाहून आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक पंचमांश माणसे मेली. लाकीचा लाव्हा भरला सुमारे पंधरा घन किलोमीटर. दख्खनचा हिशेब पाच लाख घन किलोमीटरच्या पुढे जातो.

मात्र हा केवढा लाव्हा, एवढे सांगून गोष्ट संपत नाही. तो सलग वाहिला की थांबत थांबत? थांबला असेल तर मध्ये किती काळ गेला? या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर ज्या ठिकाणांनी दिले त्यांत नागपूरचा मान मोठा आहे. त्याची हकीकत इथे सांगायची आहे.

महाबळेश्वरच्या घाटात आपण वर चढत जातो तेव्हा एकावर एक रचलेले काळ्या खडकाचे थर दिसत राहतात. थरावर थर, पायऱ्यांवर पायऱ्या. स्वीडिश भाषेत पायरीला ‘ट्रापा’ म्हणतात, त्यावरून या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. पश्चिम घाटात हा ढीग एक किलोमीटरहून जास्त जाड आहे आणि त्याचा तळ सहसा दिसत नाही. पूर्वेकडे येता येता तो पातळ होतो. त्याची पूर्वेकडची कड नागपूर शहरातूनच जाते. शहराच्या पश्चिमेला सेमिनरी हिल्स, फुटाळा, सीताबर्डीची टेकडी हा सारा काळा पत्थर. पूर्वेला त्याच्याहून फार जुना, पट्टेदार, स्फटिकमय खडक आणि उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म. म्हणजे जाडजूड ग्रंथाची शेवटची चार पाने इथे सुटी होऊन पडली आहेत, आणि पानांच्या मधले तर चांगलेच दिसते.

दक्षिणेकडचे हुडकेश्वर या कडेपासून दूर नाही. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, हुडकण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. नव्या वस्त्यांसाठी पाये खणले जातात, विहिरी आणि बोअर घेतले जातात आणि रस्त्याकडेला मुरमाचे व दगडांचे ढीग पडतात. असा ढीग शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावा. त्यात एक दगड घट्ट, काळा, जड, फोडला तर धारदार कडांचा मिळतो. दुसरा छिद्राछिद्रांचा, आणि त्या छिद्रांत पांढरे, हिरवट किंवा गुलाबी खडे बसलेले. दोन्ही एकाच लाव्ह्याचे असू शकतात. सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सियस तापलेल्या शिलारसात वायू विरघळलेले असतात. रस जमिनीवर आला की दाब कमी होतो, सोड्याची बाटली उघडावी तसे बुडबुडे सुटतात आणि वर वर जातात. वरचा भाग लवकर निवतो, बुडबुडे तिथेच अडकतात. आतला भाग सावकाश निवतो, तो घट्ट होतो. पुढे त्या छिद्रांतून पाणी झिरपते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार तिथे ठेवून जाते. गारगोट्या, अकीक, झिओलाइट ही सारी अशी मागाहून भरलेली भर आहे. म्हणून सच्छिद्र दगड सापडला की तो बहुधा एखाद्या लाव्हाप्रवाहाच्या पाठीचा तुकडा समजावा. ही खूण लक्षात ठेवावी, ती पुढे लागणार आहे.

आज आपण ‘लाव्हा निवून बेसाल्ट होतो’ असे एका दमात म्हणतो. अठराव्या शतकात हे मान्य नव्हते. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात शिकवणारे वेर्नर यांचे मत असे की बेसाल्टसुद्धा इतर थरांप्रमाणे आदिसागराच्या पाण्यात साचलेला खडक आहे. वेर्नर हे मोठे शिक्षक होते, त्यांचे विद्यार्थी युरोपभर पसरले आणि मतही पसरले. (चांगल्या शिक्षकाची चूक फार दूरवर जाते, हे आपल्या व्यवसायातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको.) उलट बाजूचे पुरावे फ्रान्समध्ये जमत होते. १७५१ साली गेतार यांना ओव्हेर्न्यच्या वाटेवर काळ्या दगडाचे मैलाचे खांब दिसले. तो दगड कुठून आणतात याचा माग काढत ते थेट विझलेल्या ज्वालामुखींपाशी पोहोचले. पुढे १७६३ साली देमारे यांना त्याच भागात बेसाल्टचे षट्कोनी खांब लाव्हाप्रवाहाला जोडलेले आढळले.

स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. वितळलेला खडक जमिनीवर वाहतो तसा तो जमिनीच्या पोटात, आधीच साचलेल्या थरांच्या फटीत घुसूनही निवतो. एडिंबरा शहरालगतच्या सॉल्झबरी कड्यावर त्यांनी हे दाखवले. तरी एक शंका राहिली. वितळलेला दगड निवल्यावर काच व्हायला हवी, दाणेदार दगड कसा होईल? हटन यांचे मित्र सर जेम्स हॉल यांनी १७९८ साली भट्टीत स्कॉटलंडचा काळा पत्थर वितळवला. भरभर निववला तर काच झाली. तीच काच पुन्हा वितळवून सावकाश निववली तर दाणेदार दगड परत मिळाला. तिथून वेर्नर यांच्या मताला उतरती कळा लागली.

या वादाचे पडसाद घेऊनच इंग्रज अंमलदार आणि डॉक्टर दख्खनमध्ये आले. कर्नल सायक्स यांनी १८३३ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या या खडकाचे वर्णन लिहिले. ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव त्यांच्याकडून रूढ झाले असे मानतात. त्याआधी १८२३ च्या जानेवारीत त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन हिंगणघाटला वारले. त्यांच्या तुकडीतले वैद्य आणि भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी त्याच वर्षी एप्रिलमध्ये गाविलगडच्या डोंगरात हिंडत होते. तिथे काळ्या पत्थराच्या सोबतीला त्यांना दगड झालेले शंख मिळाले. लाव्ह्याच्या प्रदेशात शंख! पुढे डॉक्टर माल्कमसन यांनी निर्मळच्या डोंगरात असेच जीवाश्म गोळा केले, आणि त्यांच्या १८४० च्या निबंधात त्यांतल्या एका शंखाला ‘फायसा प्रिन्सेपी’ हे नाव मिळाले.

मग नागपूर. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुरुवातीला फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून इथे आले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली. आजच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. त्यांचे जन्मगाव डन्स हे बेरिकशायर परगण्यातले, आणि हटन यांची वडिलार्जित शेती त्याच परगण्यात. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. दोघेही शिकवण्याच्या कामातून सवड काढून दगड पाहत हिंडत. आम्हाला या दोघांचे वाटणारे विशेष कौतुक तेच आहे. दोघेही पोटापुरते भूवैज्ञानिक नव्हते, शाळेतले मास्तर होते.

१८५१ साली सीताबर्डीच्या पश्चिमेला टाकळीजवळ त्यांना गोड्या पाण्यातले शंख जीवाश्मरूपात सापडले. शोध घेताना ध्यानात आले की हे शंख काळ्या पत्थरात नाहीत, तर दोन काळ्या पत्थरांच्या मध्ये सापडलेल्या एका पातळ थरात आहेत. कुठे वीतभर, कुठे हात-दोन हात जाडीचा, कुठे चिकणमातीचा तर कुठे गारेसारखा कठीण झालेला थर. सीताबर्डीच्या टेकडीतही तो आढळला. शंख-शिंपल्यांखेरीज त्यात माशांचे खवले निघाले, फळे आणि बिया निघाल्या, भुंगेऱ्यांचे कठीण पंख निघाले, टाचणीच्या डोक्याएवढ्या शिंपल्यांचे जलचर निघाले. १८५५ साली दोघांनी नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लिहिलेला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. १८६० साली त्याच नियतकालिकात तिथले कीटक मरे यांनी आणि सूक्ष्म जलचर रुपर्ट जोन्स यांनी वर्णन करून छापले. नागपूरच्या एका ओढ्याकाठची माती लंडनमध्ये भिंगाखाली तपासली जात होती.

थर तळ्यातला, हे सहज ठरले. समुद्रातले काहीच त्यात नव्हते. पण तो दोन लाव्ह्यांच्या मध्ये आला कसा? इथे हिस्लॉप आणि हंटर यांनी जे उत्तर दिले ते आज वाचताना आश्चर्य वाटते. त्यांच्या मते आधी एक मोठे तळे होते. त्यात गाळ साचला. मग वरून लाव्हा वाहत आला आणि गाळ झाकला गेला. आणि खालचा काळा पत्थर? तो सर्वांत शेवटी आला, वितळलेल्या स्थितीत गाळाखालच्या फटीत घुसला आणि तिथे निवला. म्हणजे तळ्याचा गाळ सर्वांत जुना, आणि त्याच्या वरचा व खालचा पत्थर दोन्ही नंतरचे. असे मानणारे ते एकटे नव्हते. माल्कमसन यांचीही समजूत अशीच होती.

त्यांना हे का सुचले असावे? आमचा तर्क असा की त्यांच्या डोळ्यांपुढे सॉल्झबरीचा कडा असावा. थरांच्या मध्ये घुसलेला काळा पत्थर स्कॉटलंडच्या माणसाला घरचा अनुभव होता. या मताने एक सोयही होत होती. जिथे जिथे असे शंख सापडतात तिथे तिथे एकच तळे, एकच काळ असे मानता येत होते. पण त्याची किंमत मोठी होती. दोन लाव्ह्यांच्या मधला अवकाश, मधली शांततेची वर्षे, हे सगळे या मांडणीत नाहीसे होत होते. खालचा पत्थर जर नंतर घुसलेला असेल, तर तळे साचले तेव्हा लाव्ह्याला सुरुवातही झालेली नव्हती!

हिस्लॉप यांना हा वाद पुढे नेता आला नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून ते घोड्यावरून परतत होते. वाटेत बोरीच्या शाळेत थांबल्यामुळे ते मागे राहिले. रात्री पुराच्या पाण्याने फुगलेली नदी ओलांडताना ते बुडाले; मुक्कामावर त्यांचा घोडा एकटाच पोहोचला. शेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस उरले होते.

उत्तर आले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या विल्यम ब्लॅनफर्ड यांच्याकडून. मध्य आणि पश्चिम भारतातल्या ट्रॅपवरचा त्यांचा विस्तृत अहवाल १८६७ साली आला. खालचा पत्थर हा आधी वाहून आलेला, निवलेला लाव्हाच आहे. त्यावर पाणी साचले, गाळ साचला, मग दुसरा लाव्हा आला, ही त्यांची मांडणी. त्यामागचा युक्तिवाद आजच्या भाषेत मांडून पाहू, कारण वर्गात मांडायला तो फार चांगला आहे.

समजा, खालचा पत्थर नंतर घुसला. तर तळ्याचा गाळ दोन्ही बाजूंनी भाजलेला दिसला पाहिजे, भाकरी तव्यावर आणि मग आरावर दोन्हीकडून भाजते तसा. खालचा पत्थर आधीचा असेल तर गाळ फक्त वरच्या बाजूने भाजेल; खालची बाजू कोरी राहील. दुसरे, घुसलेल्या पत्थराची वरची बाजू उघड्या हवेतल्या प्रवाहाच्या पाठीसारखी छिद्राळ, झिजलेली, मुरमाड नसेल. तिसरे, आधीच्या पत्थराची झीज होऊन त्याची खडी, त्याची माती तळ्याच्या गाळात मिसळलेली मिळेल. जो पत्थर अजून आलाच नाही त्याची खडी मिळणार नाही. आणि चौथे, असे थर एकाच पातळीवर न मिळता वेगवेगळ्या उंचीवर मिळाले तर एकाच तळ्याची कल्पना टिकणार नाही. ब्लॅनफर्ड यांनी मोठा मुलूख पायाखाली घातला होता, त्यामुळे हे शेवटचे त्यांना विशेष स्पष्ट दिसले.

या थरांना आता अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. त्यांचा अर्थ एकदा असा लागल्यावर साऱ्या पठाराकडे पाहण्याची नजर बदलते. एक प्रवाह वाहून पसरायला काही वर्षे किंवा काही दशके पुरतात. पण निवलेल्या काळ्या पठारावर पाणी साचायचे, कुठून तरी शेवाळ आणि बिया यायच्या, गोगलगायींच्या पिढ्यांमागून पिढ्या व्हायच्या, मासे यायचे, काठावर झाडे वाढायची, याला शतके, सहस्रके लागतात. घाटात दोन काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसतो, तोही अशाच विसाव्याची खूण असतो. पुष्कळ ठिकाणी ती त्या वेळच्या उघड्या जमिनीवरची झीज आणि राख आहे. ढिगाची जाडी जवळजवळ सगळी लाव्ह्याची आहे, पण त्यातला काळ बहुतेक सगळा या वीतभर थरांत आणि पट्ट्यांत आहे.

काळ किती, हा प्रश्न मात्र आणखी शंभर-सव्वाशे वर्षे भिजत पडला. हिस्लॉप यांनी नागपूरचे शंख तृतीयक कल्पातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे मानले होते. ब्लॅनफर्ड यांचा कल त्याआधीच्या क्रिटेशस काळाकडे. १९३४ साली बिरबल साहनी यांनी नागपूर-छिंदवाडा भागातल्या वनस्पतींच्या जीवाश्मांवरून, विशेषतः खाडीकाठच्या निपा ताडाच्या फळांवरून, पुन्हा तृतीयकाचा पक्ष घेतला. एकाच थरातले शंख, ताड आणि मासे वेगवेगळी साक्ष देत होते, असे म्हटले तरी चालेल.

गाठ सुटली ती १९८० नंतर. आर्गॉनच्या समस्थानिकांवरून खडकाचे वय काढण्याची पद्धत सुधारली आणि दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे नेमका क्रिटेशसच्या अखेरीचा निघाला. त्याच सुमारास टाकळीने पुन्हा एकदा साक्ष दिली. १९८७ साली व्हियाने-लियो, जैन आणि अशोक साहनी यांनी दख्खनच्या अंतरा-ट्रॅपी आणि त्याखालच्या लामेटा थरांतल्या डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे वर्णन प्रसिद्ध केले. टाकळीचा थर त्यांत होता. याचा अर्थ केवढा आहे! लाव्हा एकदा वाहून गेल्यावरही डायनोसॉर या भागात होते, आणि निवलेल्या लाव्ह्यावरच्या तळ्याकाठी ते अंडी घालत होते. पहिल्या लाव्ह्याने सारे संपले, असे नागपूरचा थर म्हणत नाही.

मग डायनोसॉर गेले कशाने? १९८० साली अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इरिडियम या धातूच्या पुराव्यावरून मोठी उल्का आदळल्याचे मत मांडले. पुढे मेक्सिकोत चिक्शुलूब येथे त्या आघाताचा खड्डाही ओळखला गेला. पण दख्खनचा लाव्हाही त्याच काळातला, म्हणून दोषाचा वाटा कोणाचा किती हा वाद चालूच राहिला. तो पुन्हा येऊन ठेपला तो या मधल्या थरांपाशीच. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये दोन गटांचे निबंध शेजारी शेजारी आले. एका गटाने पश्चिम घाटातल्या लाल पट्ट्यांतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचून युरेनियम-शिसे पद्धतीने वये काढली. त्यांच्या मते लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला आणि त्यांतली एक उल्कापाताच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाली. दुसऱ्या गटाने आर्गॉन पद्धतीने खुद्द लाव्हाच मोजला. त्यांच्या मते बराचसा लाव्हा उल्कापातानंतर आला. एवढे मात्र दोघांनाही मान्य आहे की घाटातला मुख्य ढीग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर रचला गेला. भूविज्ञानात ही मुदत चुटकीसारखी आहे. तरीही वर सांगितलेला विसाव्यांचा हिशेब घेतला तर त्यातली बहुतेक वर्षे लाव्हा वाहत नव्हता.

टाकळीचा परिसर आता नागपूर शहरात मिसळून गेला आहे, आणि हिस्लॉप जिथे वाकून शंख वेचत होते तिथे घरे झाली आहेत. तेव्हा नवे छेद मिळण्याची जागा म्हणजे शहराच्या वाढत्या कडा. हुडकेश्वरच्या बाजूला पाया किंवा विहीर खणली जाताना वर कन्हार किंवा मोरंड, मग मुरूम, मग पत्थर असा क्रम नोंदवावा. विहिरीत उतरू नये. वर टाकलेल्या ढिगातूनच पुष्कळ कळते. काळ्या पत्थराखाली फिकट, थरथरांचा, पानासारखा सुटणारा किंवा गारेसारखा कठीण दगड निघाला आणि त्याखाली पुन्हा छिद्राळ काळा पत्थर लागला, तर खणणाऱ्यांना विचारून खोली लिहून घ्यावी. साध्या भिंगाने शंखांचे वेटोळे ओळखू येते. दगड उचलण्याआधी त्याची वरची बाजू कोणती हे खडूने खुणेने दाखवावे. खूण नसलेल्या तुकड्यावर भाजलेली बाजू दिसली, तरी ती वरची होती की खालची, हे मागाहून कोणालाही सांगता येत नाही.